टाकी तापली की घर गार

वेस्टगेट, वेअरडेल
३ नोव्हेंबर, सोमवार

लाडक्या फ्रॅन,

तुला एक घट्ट मिठी, तुझ्या त्या जाडजूड कोटासकट. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुमच्याकडे उन्हाळा लागला असेल, म्हणजे तुम्ही दक्षिण ध्रुवाकडची बर्फातली माणसं ज्याला उन्हाळा म्हणता तो. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पहिल्या जहाजाची थैली याच आठवड्यात बंद होणार. म्हणून आज भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे.

इकडे डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ पडून वितळलासुद्धा. शेजारच्या विनी पिअर्टचे लीक यंदा गावच्या भाज्यांच्या प्रदर्शनात दुसरे आले, पण ती सांगते असं की ऐकणाऱ्याला वाटावं पहिलेच आले. चॅपलच्या विक्रीसाठी मी आल्याचा केक केला होता. तो मधोमध खचला. तरी संपला, कारण विनीनं त्याच्या खड्ड्यात क्रीम भरून 'नवीन प्रकार' म्हणून विकला.

आता खरी बातमी. नीट बस. तुझ्या आईनं, जिनं उभ्या आयुष्यात साधा फ्यूज बदलला नाही, तिनं टाकीच्या कपाटातला वायरिंगचा डबा उघडला, हीटिंगचा बिघाड शोधला आणि दुरुस्त केला. हो, मीच. हे लिहितानाही माझी मान ताठ होते आहे. चॅपलमध्ये लोक मला थांबवून विचारतात, "हेझल, खरं का गं?" आणि मी म्हणते, "अगदी खरं." आणि उगाच जरा वेळ तिथंच उभी राहते, आणखी कुणी विचारतंय का बघायला.

झालं असं, की ऑक्टोबरच्या मध्यावर थंडी पडली तशी मी हीटिंग सुरू केलं. सकाळी सगळं छान. बॉयलर पेटला, रेडिएटर तापले, नळाला गरम पाणी. पण थोड्या वेळानं बघते तर रेडिएटर गार आणि बॉयलर गप्प. हॉलमधला थर्मोस्टॅट फिरवून फिरवून पार टोकाला नेला, तरी ढिम्म. नळाचं पाणी मात्र कढत. दुपारी भांडी घासायला पुष्कळ गरम पाणी काढलं, तर बॉयलर आपला आपण धडधडत सुरू, आणि रेडिएटर परत ऊन! जरा वेळानं पुन्हा तेच. टाकी तापली की घर गार.

तू हसशील, पण हे मला आत्ता कळलं: बॉयलर एकच आणि गिऱ्हाइकं दोन, वरची पाण्याची टाकी आणि घरभरचे रेडिएटर. गरम पाणी कुणाकडे सोडायचं, की दोघांकडे, हे टाकीशेजारचा तो व्हॉल्व्ह ठरवतो. तुला हे शाळेत असतानाच ठाऊक होतं. मी इतकी वर्षं समजत होते की बॉयलरला सगळं मनानंच कळतं.

मग मी एक युक्ती काढली. बाथरूममधला गरम पाण्याचा नळ बारीक सोडून ठेवायचा. टाकी कधी पुरती तापतच नाही, म्हणून बॉयलर चालू राहतो, म्हणून घर गरम राहतं. मला वाटलं, काय हुशार आहे मी! विनी भिंतीपलीकडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "अगं, तुझ्या घरातून ओढा वळवलाय की काय? मला दर अर्ध्या तासानं उठावं लागतंय."

हीटिंगवाल्या कॉलिनला फोन केला. तो म्हणाला, "पहिली थंडी आहे, हेझल, अख्ख्या खोऱ्याचे बॉयलर एकदम रुसलेत. पुढच्या आठवड्याशिवाय नाही जमणार मला. एरवी म्हटलं असतं, तुमच्या घरातच…" आणि मध्येच थांबला. मग घाईघाईनं "माफ करा हं," म्हणाला.

तू इथवर वाचून म्हणत असशील, आई, कॉलिन कशाला? बाबा कुठे गेले?

चहा टाकून येते.

आले. हे बघ फ्रॅन, बाबांचा उजवा हात सध्या जरा जड आहे.

नाही. असं लिहून चालणार नाही. इतके महिने फोनवर असंच बोलत आले. कागदावरही तेच केलं तर हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

वसंतात, तुमचं शेवटचं जहाज निघून गेल्यावर, बाबा रूकहोपला एका घरी नळाच्या कामाला गेले होते. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून पडले होते, नेहमीसारखे. घरची बाई दोनदा चहाला बोलावून गेली. तिला वाटलं, माणूस कामात गढलाय. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला दिसलं की त्यांचा हात नळीवर नाही, नुसता फरशीवर पडलाय. मेंदूतली रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय पुष्कळ परत आला आहे, काठी घेऊन चालतात. हात नाही आला. बोलणं… ते सांगते पुढे.

तू रविवारी फोन करायचीस तेव्हा बाबा कधी लीकच्या वाफ्यात असायचे, कधी कामावर, कधी नुकतेच झोपलेले. ते यातलं काहीच करत नव्हते. बहुतेक वेळा ते हॉस्पिटलात माझ्याशेजारी बसलेले असत आणि तुझा आवाज यावा म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरत असे. तू विचारायचीस, "आई, तुझा आवाज असा लांबून का येतो?" तो त्यामुळे.

लपवायचं त्यांनीच ठरवलं होतं. हॉस्पिटलात ते शुद्धीवर आल्यावर मी माझ्या फोनवरचा तुझा फोटो दाखवला, लाल कोटातला, मागे बर्फाचा डोंगर. त्यांनी डावं बोट ओठांवर ठेवलं. मग खिडकीबाहेर लांब कुठेतरी दाखवलं आणि मान हलवली. मी समजले. कळलं असतं तरी तुला येता आलं नसतं. ना जहाज, ना विमान, हिवाळा उलटेपर्यंत तू तिथंच. तुमच्या तळावरची सगळी माणसं ज्या गरम नळ्यांच्या जिवावर जगतात त्या तुझ्या हातात. अशा माणसाच्या डोक्यात हे घालू नये, असं त्यांना वाटलं. मलाही पटलं. तू चिडशील. चिड. पण दोघांवर सारखी चिड.

आता बोलण्याचं. पहिला शब्द आला तो 'मंगळवार'. त्या दिवशी गुरुवार होता. तेव्हापासून पुष्कळ गोष्टी मंगळवारच आहेत. चहा मंगळवार, चष्मा मंगळवार, मीसुद्धा. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे गं, डॉक्टरही तेच म्हणतात. फक्त शब्द काढायला गेलं की हाताला दुसराच लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'हो' आणि 'नाही'. कधी बरोबर येतात, कधी उलटे. "साखर घालू?" "नाही, नाही," आणि कप पुढे करतात. म्हणून आम्ही अंगठ्यावर आलो. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. अंगठा कधी चुकत नाही.

ऑक्टोबरात त्यांना घरी सोडलं, पण ते परीक्षेपुरतं. हॉस्पिटलातून मिस लाउरी म्हणून एक बाई येणार होत्या. घर बघायचं, त्यांना बघायचं, मला बघायचं, आणि ठरवायचं की इथं राहू द्यायचं की केअर होममध्ये. बाई चांगल्या आहेत, पण स्पष्ट. आम्ही हॉस्पिटलातून निघताना म्हणाल्या होत्या, "मिसेस हेस्लॉप, घर उबदार हवं. त्यांच्या त्या बाजूला थंडी सोसत नाही. आणि जिन्याचं काय ते बघावं लागेल. बाथरूम वर आहे ना?" बाथरूम वरच आहे. बाबांचा पलंग मी पुढच्या खोलीत लावला होता, आणि जिन्याकडे ते बघतही नसत.

तर बाई बुधवारी येणार आणि सोमवारी घर गार. कॉलिन पुढच्या आठवड्यात.

मी सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून रडले. मोठ्यानं नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बॉयलरला हात लावून पाहिला, मग रेडिएटरला, मग नळ सोडून पाण्याखाली हात धरला. परत रेडिएटर. त्यांचा चेहरा, फ्रॅन! तो चेहरा मी महिनोन्‌महिने पाहिला नव्हता. कुणाच्या घरात शिरून टोपी काढायच्या आधीच त्यांचा जो चेहरा व्हायचा ना, तो. बिघाड त्यांना तिथंच कळला होता. फक्त सांगता येत नव्हता.

"मंगळवार," ते म्हणाले आणि काठीनं छताकडे दाखवलं.

"नॉर्मन, वर नाही जायचं. पडशील."

"मंगळवार!"

ते जिन्याशी गेले, वळले, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पाठमोरे बसले. मग डावा हात मागे टेकून, डावा पाय रेटून स्वतःला एक पायरी वर घेतलं. मग पुढची. मी पुढे हात करायला गेले तर काठीनं मला बाजूला सारलं. बसत, थांबत, धापा टाकत ते अख्खा जिना उलटे चढले. वर पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही त्यांनी तुमचा तो बर्फाचा डोंगरच सर केला आहे. मी खाली उभी होते, त्यांची वाटेत निसटलेली चप्पल हातात घेऊन.

उरलेलं उद्या लिहिते. ते उठलेत आणि त्यांना मंगळवार हवा आहे. बहुतेक टोस्ट.

मंगळवार (खराखुरा)

सकाळी पुढे लिहिते आहे. बाबांना सांगितलंय की तुला पत्र लिहिते आणि सगळं लिहिते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि अंगठा वर केला.

तर टाकीचं कपाट. मी जिन्याच्या माथ्यावर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. कपाटात टॉवेल आणि चादरींच्या चळतीमागे टाकी, टाकीशेजारी तो व्हॉल्व्ह, आणि भिंतीवर पांढरा डबा, ज्यात सगळ्या वायरी येऊन भेटतात. डब्याशेजारी दोन स्विच. मी बाबांची हत्यारांची पिशवी आणली. ती उचलताना वाटलं, इतकी जड पिशवी हा माणूस आयुष्यभर वाहत होता आणि मी कधी तिला हातही लावला नाही.

त्यांनी पिशवीतून टेस्टर काढून दिला. दोन टोकांचा, मध्ये दिवा असलेला. मला म्हटलं तर माहीत होतं, आधी वीज बंद करायची. मी स्विच बंद केला. त्यावरचा लाल दिवा विझला. म्हटलं, झालं. डब्याचं झाकण काढलं आणि आतल्या वायरींचा गुंता बघून स्क्रू ड्रायव्हर घेऊन हात घातला.

"बंद झालं ना, नॉर्मन?"

"हो!" ते म्हणाले. "हो! हो! हो!"

माझा हात पुढे जातोय तोच काठी मनगटावर बसली. जोरात. स्क्रू ड्रायव्हर उडून जिन्यावरून खडखडत खाली गेला. मी किंचाळले. मी त्यांना काय काय बोलले ते तुला लिहीत नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळ्यांत पाणी, आणि अंगठा खाली, खाली, खाली.

मी टेस्टर उचलून डब्यात टेकवला. दिवा लखकन पेटला.

मी बंद केला होता तो पाणी तापवायच्या विजेच्या कांडीचा स्विच. हीटिंगचा त्याच्या शेजारचा. डबा जिवंत होता.

मी फरशीवरच बसले. ते खुर्चीत. पहिल्यांदाच आम्हा दोघांना सारखंच बोलता येत नव्हतं. मग त्यांनी डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं तो लाल वळ चोळत राहिले. वळ अजून आहे. मी तो लांब बाहीखाली झाकत नाही.

डोळे पुसून मी म्हटलं, "आता नियम. तोंडानं काही विचारायचं नाही, तोंडानं काही सांगायचं नाही. आणि बंद आहे की नाही हे तुझा शब्द सांगणार नाही, माझा स्विच सांगणार नाही, टेस्टर सांगेल." त्यांनी अंगठा वर केला, आणि वर थोडी मानही झुकवली. तू कधी काही बरोबर केलंस की तुझ्याकडे बघून झुकवायचे तशी. मग टेस्टर आधी चालू डब्यात लावून पेटतो का ते पाहायला लावलं, योग्य तो स्विच बंद करून तो विझतो का ते पाहायला लावलं, आणि मग कुठे पुढचं.

पण पुढचं म्हणजे काय? डब्यात सतरा रंगांच्या वायरी आणि ते नाव सांगू शकत नाहीत. काठीचं टोक डब्यापेक्षा जाड. ते तोंड उघडायचे, मंगळवार बाहेर पडायचा, ते काठी आपटायचे. मग त्यांचं लक्ष चळतीकडे गेलं. त्यांनी वाकून चादरींमधून जुनी करडी घोंगडी ओढली आणि माझ्या अंगावर फेकली. मग तुझा तो समुद्रावरचा नारिंगी टॉवेल. मग पांढरी उशीची खोळ. करडी, नारिंगी, पांढरी. व्हॉल्व्हमधून डब्यात येणाऱ्या वायरी! मी ओरडलेच, "कळलं!" विनीनं भिंतीवर ठोकून विचारलं, काय कळलं म्हणून.

मग त्यांनी मला शिकवलं. मी आता तुला शिकवल्याच्या थाटात लिहिते आहे, पण मला लिहू दे. त्यांनी मला खाली पाठवून घड्याळावर पाणी बंद आणि हीटिंग चालू करायला लावलं. वर येऊन वीज चालू. माझा डावा हात त्यांनी काठीनं टोचून टोचून पाठीमागे न्यायला लावला, एकाच हातानं काम. आणि घोंगडी वर धरली. करड्या वायरीच्या स्क्रूवर टेस्टर: दिवा पेटला. म्हणजे 'टाकीला नको आता, सगळं रेडिएटरला दे' हा निरोप डब्यापर्यंत येतोय. मग टॉवेल वर धरला. नारिंगीवर टेस्टर: काही नाही. म्हणजे व्हॉल्व्हकडून 'बॉयलर पेटव' हा निरोप परत येत नाही. निरोप जातोय पण उत्तर नाही. बाबांनी घोंगडीचा कोपरा मुठीत धरला आणि हिसका दिला. पुन्हा हिसका.

वीज बंद. टेस्टर. विझला. मी करडी वायर चिमटीत धरून हलकेच ओढली.

ती हातातच आली.

फ्रॅन, आता जरा लाज वाटून घे. स्क्रू तांब्यावर नव्हता, वायरीच्या प्लास्टिकवर आवळलेला होता. तांब्याचं टोक कसंबसं टेकलं होतं, म्हणून गेला हिवाळा निभावला. उन्हाळाभरात ते सुटलं. आणि तो व्हॉल्व्ह गेल्या वर्षी बसवला कुणी? कुणाला डरहॅमची गाडी गाठायची होती? कोण एका हातात टोस्ट धरून "झालं, बाबा, एकदम पक्कं!" म्हणत जिना उतरलं होतं?

मी ती वायर बाबांना दाखवली. त्यांनी प्लास्टिकवरचा स्क्रूचा ठसा बघितला. मग डब्यावर तुझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं 'फ्रॅननं बदलला' बघितलं. आणि ते हसले. हसणं तेच आहे गं, ते कुठेही गेलेलं नाही. खुर्ची हलेपर्यंत हसले. डोळे पुसले, पुन्हा हसले. मी घाबरले की खुर्चीसकट जिन्यावरून जातील. वसंतानंतर पहिल्यांदा, आणि तेही तुझ्या चुकीमुळे. तेव्हा लाज वाटून झाली की जरा खूशही हो.

प्लास्टिक त्यांनी सोलायला लावलं, पुन्हा सोलायला लावलं, कारण मी जास्त सोललं. वायर खुपसून स्क्रू आवळला आणि वायर ओढून पाहिली. मग आत होत्या नव्हत्या त्या सगळ्या वायरी ओढून पाहायला लावल्या. झाकण लावलं. वीज चालू. क्षणभर काहीच नाही. मग व्हॉल्व्ह घुरघुरला, हळूच फिरला, पंप गुणगुणायला लागला, आणि खाली स्वयंपाकघरातून बॉयलरचा तो 'भक्' आवाज आला. टाकी कढत होती, नळ बंद होता, आणि रेडिएटर टिकटिक करत तापायला लागले. बाबांनी डोळे मिटले आणि ऐकत बसले.

जिना ते बसूनच उतरले. खाली आल्यावर मी त्यांना वाटाण्याचं पीज पुडिंग आणि हॅम दिलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून खाल्लं.

बुधवारी मिस लाउरी आल्या. दारातून आत आल्या आणि सगळ्यात आधी कोट काढला. मी तिथंच जिंकले. त्यांनी बाबांना चित्रं दाखवली. कुत्रा, चावी, केटली. कुत्रा बरोबर आला, बाकीचे दोन्ही मंगळवार. त्यांनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मिस्टर हेस्लॉप, जिन्याचा काही विचार केलाय का?" बाबा उठले, जिन्याशी गेले, पाठमोरे बसले आणि निघाले. बाई लिहायचं थांबवून त्यांच्या एक पायरी खाली, हात न लावता, चढत गेल्या. वर बाबांनी कपाट उघडून डबा दाखवला आणि काठी माझ्याकडे वळवली.

"हे काय आहे?" बाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. काठीचा फटकासुद्धा सांगितला, कारण आता लपवायचा कंटाळा आला होता. मला वाटलं, संपलं, आता म्हणतील हे घर धोक्याचं आहे. त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग म्हणाल्या, "हे पुन्हा करू नका, मिसेस हेस्लॉप. उघड्या वायरी ज्याचं ते काम त्याच्यावर सोडा." मी मान खाली घातली. "पण त्यांनी तुम्हाला थांबवलं," त्या म्हणाल्या. "धोका ओळखला आणि बोलता येत नसताना थांबवलं. मला नेमकं हेच कळत नव्हतं, ते हे करू शकतील का." आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही इथंच राहा. जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवून देते."

बाबा म्हणाले, "नाही, नाही, नाही," आणि त्यांचा अंगठा वर होता. बाईंना आता ते समजतं.

पुढच्या आठवड्यात कॉलिन येऊन सगळं तपासून गेला. मी मुद्दाम बोलावलं होतं, वेडेपणा पुरे म्हणून. त्यानं डबा उघडला, एकेक स्क्रू पाहिला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "आम्ही." तो म्हणाला, "मला काही करायला ठेवलं नाहीत." मग चहा प्यायला बसला आणि बाबांना एका घराचा किस्सा सांगायला लागला, जिथं पंप बंदच होत नाही म्हणे. बाबा ऐकत होते. मध्येच त्यांनी माझी शिवणाची पेटी ओढली आणि त्यातून नारिंगी दोऱ्याचं रीळ काढून कॉलिनपुढे ठेवलं. कॉलिननं रिळाकडे पाहिलं आणि त्याला कळलं: तिथल्या व्हॉल्व्हचा नारिंगी वायरीतला 'पेटव' हा निरोप थांबतच नसणार. मग टोपी घालून उठला. "शुक्रवारी तिकडे जातोय," तो म्हणाला. "गाडीत जागा आहे, नॉर्मन. येता का?" ते गेले. येताना मागच्या सीटवर झोपून आले, टोपी तोंडावर घेऊन, दमलेले आणि तेलकट.

आता तुझं. मला माहीत आहे, जे जहाज हे पत्र घेऊन येईल त्यातूनच तुला परत येता येईल, नाहीतर तू ठरवल्याप्रमाणे आणखी एक हिवाळा राहशील. मी बाबांना विचारलं, "तिला ये म्हणू?" अंगठा खाली, इतक्या जोरात की मांडीवर आपटला. त्यांना वाटतं तू तिथं राहावंस. कुणीही घरी आलं की ते तुझा तो लाल कोटातला फोटो दाखवतात, दुधवाल्यालाही. माझं मत विचारशील तर मला तू दारात उभी हवी आहेस, आणि तू तिथं हवी आहेस, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा माझं मत धरू नकोस. तू ठरव. दया म्हणून येऊ नकोस एवढंच. दया करण्यासारखं इथं काही नाही. घर गरम आहे.

आणि हे वाचून फोन करशील तेव्हा माझ्याशी बोलायला लागू नकोस. म्हण, "बाबांना दे." मी फोन त्यांच्या डाव्या कानाशी देईन आणि स्वयंपाकघरात जाईन. ते बोलतील ते सगळं चुकीचं येईल. शब्द सुचवू नकोस, त्याचा त्यांना राग येतो. थांब. मग तुझ्या कामाचं सांग, कुठला पंप अडला, कुठली नळी गोठली. ते ऐकतील. आणि शेवटी, फ्रॅन, त्या करड्या वायरीबद्दल तूच विचार. त्यांना हसायचं आहे.

तुझी आई,
हेझल
(सध्या नॉर्मन हेस्लॉप यांच्या हाताखाली)